मक्तेदारी आणि ग्राहक : मायक्रोसॉफ्टच्या खटल्याची कथा

मक्ता हा शब्द आपल्याकडे सरकारी कारभारातून रूढ झाला. दारूचा मक्ता, जकातीचा मक्ता, नदीवरील उताराचा मक्ता, असे नाना प्रकारचे मक्ते सरकार देई. मक्तेदार ठरलेली रक्कम खजिन्यात भरी आणि मग रयतेकडून आपली वसुली करून घेई. त्यात रयतेचे नुकसान कोणते, हे कोणास समजावून सांगावे लागत नसे. पैलतीरी जाणाऱ्याला दुसरी नाव मिळत नसे आणि नावाडी मागेल तो पैसा त्याच्या हातावर ठेवावा लागे. इंग्लंडातही हाच प्रकार होता. तेथे पत्त्यांच्या मक्त्यावरून १६०२ च्या सुमारास एक खटला गाजला, आणि १६२४ साली पार्लमेंटाने असे मक्ते वाटण्याच्या राजाच्या अधिकारास कायद्याने आळा घातला.

परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत जी मक्तेदारी न्यायासनापुढे उभी राहिली ती या जातीची नव्हती. तिचा मक्ता कोणा राजाने दिलेला नव्हता. तो ग्राहकांनीच एकेक यंत्र विकत घेऊन दिला होता असे म्हटले तरी चालेल. शिवाय ज्या मालावरून मुख्य तंटा होता तो माल फुकट वाटला जात होता. फुकट मिळणाऱ्या वस्तूने घेणाऱ्याचे नुकसान होते म्हणजे नेमके काय होते? मायक्रोसॉफ्ट कंपनीवरील खटल्याचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत तो या एका प्रश्नाच्या अनुरोधाने. कंपनी चांगली की वाईट, तिचे संस्थापक थोर की लोभी, हा वाद ज्यांना प्रिय आहे त्यांनी तो अन्यत्र घालावा.

प्रथम कायद्याकडे पाहू. सिनेटर शर्मन यांच्या नावाने ओळखला जाणारा मक्तेदारीविरोधी कायदा अमेरिकेत १८९० साली झाला, आणि त्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग १९११ साली रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीवर झाला. या कंपनीचे रॉकेल डब्यांतून हिंदुस्थानातही येत असे. सर्वोच्च न्यायालयाने ती कंपनी मोडून तिचे अनेक तुकडे केले. आता गंमत अशी की, या कंपनीच्या भरभराटीच्या काळात रॉकेलचा भाव वाढला नव्हता, उलट उतरत गेला होता. तिचे समर्थक हेच पुढे करीत आणि विचारीत, ग्राहकाला तेल स्वस्त मिळाले, मग गुन्हा तो काय? न्यायालयाने तुकडे केले खरे. पण या प्रश्नाने कायदेपंडितांचा पिच्छा सोडला नाही. कायदा कोणासाठी आहे? लहान व्यापाऱ्यांना जगवण्यासाठी, की ग्राहकाला राखण्यासाठी? १९७८ साली येलचे प्राध्यापक रॉबर्ट बोर्क यांनी एक ग्रंथ लिहून स्पष्ट उत्तर दिले, की केवळ ग्राहकासाठी. न्यायाधीशांना हे उत्तर मानवले. त्यातून पुढे एक कसोटी रूढ झाली. ग्राहकाचे हित म्हणजे मुख्यतः त्याला पडणारी किंमत. किंमत मोजता येते, म्हणून ती कसोटी सोयीची. जे मोजता येत नाही ते मग हळूहळू नाहीच असे वाटू लागते, आणि या कथेतला अर्धा गुंता तेथूनच सुरू होतो.

मायक्रोसॉफ्टचा उदय ज्या धंद्यात झाला तो धंदाच एका खटल्याच्या सावलीत जन्मला होता. संगणक बनवणारी आय. बी. एम. ही कंपनी आपल्या यंत्राबरोबर आज्ञावली वेगळा आकार न लावता देत असे. १९६९ साली सरकारने तिच्यावर मक्तेदारीचा खटला भरला, आणि त्याच वर्षी कंपनीने आज्ञावलीची किंमत वेगळी लावण्याचे जाहीर केले. धाकाने म्हणा वा हिशेबाने म्हणा, पण आज्ञावली ही स्वतंत्र विक्रीची वस्तू झाली. तो खटला तेरा वर्षे रेंगाळून १९८२ साली सरकारने सोडून दिला. दरम्यान १९७५ मध्ये बिल गेट्स व पॉल ॲलन यांनी मायक्रोसॉफ्ट काढली होती. १९८१ साली आय. बी. एम. ने आपला लहान संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्र सुरू होताच त्याचा सगळा कारभार हाती घेणारी मूळ आज्ञावली, मायक्रोसॉफ्टने पुरवली. ती कंपनीने स्वतः रचलेली नव्हती. सिॲटलच्या एका लहान कंपनीकडून सुमारे पाऊण लाख डॉलरांत घेतलेली होती. करार करताना ती इतरांनाही विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने आपल्याकडे राखला. पुढे आय. बी. एम. सारखेच यंत्र बनवणारे कारखाने निघाले, आणि प्रत्येकाला तीच आज्ञावली हवी झाली.

ती का हवी झाली, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. पूर्वी मनमाडला ब्रॉडगेज आणि मीटरगेज यांची गाठ पडे. तेथे एका गाडीतला माल उतरवून दुसरीत चढवावा लागे. वेळ जाई, हमाली पडे, मोडतोड होई. सर्वत्र एकच रूळ असावा असे तेथल्या व्यापाऱ्याला वाटले तर तो त्याचा मूर्खपणा नव्हे. संगणकाचेही तसेच. ज्या सिस्टिमवर कामाच्या आज्ञावली अधिक, ती लोक घेणार; आणि जी लोक अधिक घेणार, तिच्यासाठीच आज्ञावली लिहिल्या जाणार. हे चक्र एकदा फिरू लागले की दुसऱ्या कोणाला आत शिरणे जवळजवळ अशक्य होते. येथवर ग्राहकाचे नुकसान नाही, फायदाच आहे. कचेरीतला कारकून एका यंत्रावर शिकला तर दुसऱ्यावरही बसू शकतो, हा लाभ लहान नाही. मायक्रोसॉफ्टचे टीकाकार ही गोष्ट बहुधा गिळून टाकतात. आम्हांला ते पटत नाही.

पण रूळ एक असणे निराळे, आणि दुसरा रूळ कोणी टाकू नये म्हणून वाटेत खंदक खणणे निराळे. १९८८ साली डिजिटल रिसर्च कंपनीने डी. आर. डॉस नावाची तोडीची सिस्टिम बाजारात आणली. मायक्रोसॉफ्ट त्या सुमारास कारखानदारांशी असे करार करीत होती, की कारखान्यातून जितकी यंत्रे बाहेर पडतील तितक्या सर्वांवर तिला आकार द्यावयाचा, मग यंत्रात तिची सिस्टिम घातलेली असो वा नसो. एखाद्या गावच्या तेल्याने कुंभाराला सांगावे, की तुझ्या आव्यातून निघेल त्या प्रत्येक घागरीमागे मला पैसा दे, तीत तेल माझे भरो की दुसऱ्याचे. त्यातलाच हा प्रकार. कुंभार दुसऱ्याचे तेल कशाला घेईल? आणि घेतलेच, तर गिऱ्हाइकाने दोन तेलांचे पैसे मोजले, हे त्या गिऱ्हाइकाला कळणारही नाही. दुकानात संगणकाची एकच किंमत लिहिलेली असे. तीत मायक्रोसॉफ्टचा वाटा किती, हे घेणाऱ्याला दिसत नसे. अमेरिकन सरकारने चौकशी केली, आणि जुलै १९९४ मध्ये कंपनीने तडजोडीत ही पद्धत सोडली. तोवर डी. आर. डॉसचे दिवस भरले होते.

आता मुख्य प्रकरण. इंटरनेटवरील पाने पाहण्याच्या आज्ञावलीला ब्राउझर म्हणतात. १९९४ च्या अखेरीस नेटस्केप या नव्या कंपनीचा ब्राउझर आला आणि पाहता पाहता जगभर पसरला. मायक्रोसॉफ्टला भीती वाटली ती एका हरकाम्या आज्ञावलीची नव्हे. उद्या लोक सगळी कामे ब्राउझरातूनच करू लागले, तर खाली कोणाची सिस्टिम आहे याची पर्वा कोण करणार, ही ती भीती. म्हणजे ज्या चक्रावर कंपनीचे राज्य उभे होते तेच थांबले असते. गेट्स यांनी मे १९९५ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना एक दीर्घ पत्रक पाठवून या लाटेची जाणीव दिली. जूनमध्ये दोन्ही कंपन्यांचे लोक भेटले. बाजार वाटून घेण्याचा तो प्रस्ताव होता, असे पुढे न्यायाधीशांनी ठरवले. ते साधले नाही, तेव्हा मायक्रोसॉफ्टने आपला इंटरनेट एक्सप्लोरर फुकट देण्यास आरंभ केला आणि तो विंडोजमध्ये बांधून टाकला. कारखानदारांना तो काढता येईना. १९९६ साली अमेरिका ऑनलाइन कंपनीला विंडोजच्या पडद्यावर जागा देऊन तिच्या लाखो वर्गणीदारांसाठी एक्सप्लोरर बसवून घेतला. १९९७ मध्ये अडचणीत आलेल्या ॲपलला पंधरा कोटी डॉलरांची भागभांडवली मदत झाली आणि त्याच समेटात तिच्या यंत्रांवर एक्सप्लोरर पुढे सरकला; तसे न केल्यास ॲपलसाठीचे ऑफिस बंद करू, हा धाक मागे होताच. जानेवारी १९९८ मध्ये नेटस्केपलाही आपला ब्राउझर फुकट करावा लागला.

येथे कोणीही विचारील, यात ग्राहकाचे वाईट काय झाले? दोन ब्राउझर, दोन्ही फुकट, आणि चुरशीने दोन्ही सुधारलेले. हा प्रश्न फालतू नाही. १८ मे १९९८ रोजी केंद्र सरकारने आणि वीस राज्यांनी खटला भरला आणि ऑक्टोबरात वॉशिंग्टनला न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांच्यापुढे सुनावणी सुरू झाली, तेव्हा सरकारपक्षालाही हा प्रश्न अवघड गेला. त्यांचे अर्थशास्त्रज्ञ साक्षीदार फ्रँकलिन फिशर यांना उलटतपासणीत विचारण्यात आले, की ग्राहकाचे यात नुकसान झाले आहे काय? एकंदरीत पाहता आजवर तरी नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. पुढे होईल, हे त्यांचे म्हणणे होतेच. पण वर्तमानपत्रांना मथळा मिळाला. आम्हांला फिशर यांच्या या उत्तराचा राग येत नाही, आदरच वाटतो. याच फिशर यांनी पूर्वीच्या खटल्यात आय. बी. एम. च्या बाजूने साक्ष दिली होती. कंपनीचे साक्षीदार श्मालन्सी यांचा युक्तिवाद उलट दिशेने जाई. कंपनी खरी मक्तेदार असती तर विंडोजची किंमत तिने आहे त्याच्या कितीतरी पट ठेवली असती, ती ठेवलेली नाही, सबब ती मक्तेदार नाही. इकडे किमतीची कसोटी ज्यांनी रूढ केली ते बोर्क स्वतः नेटस्केपच्या बाजूने उभे राहिले, हाही एक चमत्कारच.

५ नोव्हेंबर १९९९ रोजी जॅक्सन यांनी वस्तुस्थितीविषयीचे आपले निष्कर्ष ४१२ परिच्छेदांत जाहीर केले. दहा वर्षे सतत नव्वद टक्क्यांहून अधिक बाजार या कंपनीच्या हाती होता, हे त्यात आहे. किमतीविषयीही एक तपशील आहे, आणि तो कंपनीच्याच कागदांतून निघाला. विंडोज ९८ ची सुधारित प्रत ४९ डॉलरांना विकता येईल, त्यात तोटा होण्याचे कारण नाही. मात्र सर्वाधिक उत्पन्न ८९ डॉलरांत आहे, असा हिशेब नोव्हेंबर १९९७ मध्ये तेथे मांडला गेला होता. कंपनीने ८९ ठेवली. स्पर्धक उभा असता तर हा हिशेब इतक्या निर्धास्तपणे मांडता आला नसता. परंतु आमच्या मते या दस्तऐवजाचे महत्त्व चाळीस डॉलरांत नाही. त्याच निकालपत्रात न्यायाधीश मोकळेपणाने मान्य करतात, की एक्सप्लोररमुळे ब्राउझर सुधारले, स्वस्त झाले, घरोघर गेले, आणि यात ग्राहकाचा लाभ झाला. आणि मग शेवटच्या परिच्छेदात ते वेगळेच बोट ठेवतात. मायक्रोसॉफ्टच्या हिताशी न जुळणारे काही नवे काढले तर काय होते, हे सर्वांनी पाहिले. म्हणून ग्राहकाच्या खऱ्या उपयोगाच्या काही गोष्टी जन्मासच येत नाहीत. १९९५ मध्ये इंटेल कंपनीने ध्वनी व चित्रे हाताळणारी स्वतःची आज्ञावली तयार केली होती. मायक्रोसॉफ्टने डोळे वटारल्यावर ती मागे घेतली. ती कशी निघाली असती, हे कोणास सांगता येणार? न जन्मलेल्या वस्तूची किंमत कोणत्या वहीत लिहावी?

पुढचा कायद्याचा प्रवास थोडक्यात सांगतो. ७ जून २००० रोजी जॅक्सन यांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम दिला. वरिष्ठ न्यायालयाने २८ जून २००१ रोजी तो रद्द केला. प्रकरण चालू असताना जॅक्सन वार्ताहरांशी बोलत होते, म्हणून त्यांना दूरही केले. मात्र बेकायदा मार्गांनी मक्तेदारी टिकवल्याचा ठपका सर्व सात न्यायाधीशांनी एकमुखाने कायम ठेवला. सरकार बदलले होते. त्या वर्षीच तडजोड झाली आणि नोव्हेंबर २००२ मध्ये न्यायाधीश कोलीन कोलर-कोटेली यांनी ती बहुतांशी मान्य केली.

आता आमच्या प्रश्नाचे उत्तर. ते निकालपत्रात नाही, निकालानंतरच्या पाच वर्षांत आहे. ऑगस्ट २००१ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती निघाली. नेटस्केप तोवर विकली गेली होती आणि तिचा ब्राउझर विझत चालला होता. न्याय म्हणून सांगितले पाहिजे, की त्यात तिची स्वतःची करणीही थोडी नव्हती. तिने जुनी आज्ञावली टाकून नवी लिहावयास घेतली आणि २००० साली घाईने बाहेर काढली ती रडतखडत चाले. काही असो, थोड्याच काळात दहांतील नऊ लोक एक्सप्लोररच वापरू लागले. आणि मग? १९९५ पासून २००१ पर्यंत सहा आवृत्त्या काढणाऱ्या कंपनीने सातवी काढली ती ऑक्टोबर २००६ मध्ये. मधली पाच वर्षे जगातील बहुतेक लोक ज्या खिडकीतून इंटरनेट पाहत होते तिची काच कोणी पुसली नाही. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना आठवत असेल, की एक पान उघडावे तो चार जाहिराती अंगावर येत. यंत्रात रोग शिरण्याची वाट याच खिडकीतून होती. २००४ साली अमेरिकन सरकारच्या संगणकसुरक्षा विभागाने बचावाचे जे उपाय सुचवले त्यांत दुसरा ब्राउझर वापरणे हाही एक होता. पाने लिहिणारे ती एक्सप्लोररपुरतीच लिहू लागले. दक्षिण कोरियात बँकेचे व्यवहार या ब्राउझरच्या ॲक्टिव्हएक्स नावाच्या जोडकामाशी असे जखडले गेले, की सुटता सुटता वर्षे गेली. यांपैकी कशासाठीही ग्राहकाने एक पैसा जास्त मोजला नव्हता.

नेटस्केपने जाता जाता आपली मूळ आज्ञावली सर्वांना खुली केली होती. तिच्यातून मोझिलाच्या लोकांनी नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स काढला. एकाच खिडकीत अनेक पाने उघडण्याची सोय आणि आगंतुक जाहिरातींना बंदी, या दोन गोष्टींवर लोक त्याच्याकडे वळले. लोक वळू लागताच मायक्रोसॉफ्टचे थांबलेले काम पुन्हा सुरू झाले. सामर्थ्य तेच, पैसा तोच, माणसे तीच. फरक पडला तो शेजारी दुसरे दुकान उघडल्याचा. ग्राहकाचे नुकसान झाले काय, याचा याहून स्पष्ट पुरावा अर्थशास्त्रज्ञांच्या आलेखांतही आम्हांला दिसलेला नाही. बाजार आपोआप सावरला, मग खटल्याची गरज काय होती, असेही यावर म्हणतात. पण पाच वर्षांचा काळ थोडा नव्हे. शिवाय तडजोडीच्या अटींची देखरेख डोक्यावर नसती तर पुढच्या स्पर्धकांशी कंपनी कशी वागली असती, हे गृहीत धरून बोलण्यात अर्थ नाही.

आपल्या भाषेपुरते एक सांगण्यासारखे आहे, कारण एका दारातून सर्वांनी आत जावयाचे म्हणजे काय, हे मराठी माणसाने त्याच वर्षांत अनुभवले. १९९० च्या दशकात विंडोजला देवनागरी येत नव्हती. पुण्याच्या सी-डॅकने व श्रीलिपी बनवणाऱ्या मॉड्युलर इन्फोटेकसारख्या कंपन्यांनी आपापल्या युक्तीने मराठी अक्षरे पडद्यावर आणली. त्यांचे उपकार मोठे. परंतु प्रत्येकाची रीत वेगळी, त्यामुळे एका ठिकाणी जुळवलेला मजकूर दुसरीकडे नेला की अर्थहीन खुणांची रांग होई. विंडोज २००० मध्ये युनिकोडच्या आधाराने देवनागरी आली आणि हा घोळ मिटण्याचा मार्ग खुला झाला. एकच रूळ असल्याचा हा लाभ, तो नाकारता येणार नाही. मात्र तो लाभ कधी द्यावयाचा, हे सर्वस्वी एका कचेरीतील हिशेबावर होते. सुमारे पावणेतीन लाख वस्तीच्या आइसलँडने १९९८ साली आपल्या भाषेत विंडोज मागितली, तेव्हा गिऱ्हाइके थोडी म्हणून नकार मिळाला. बरीच ओरड झाल्यावर १९९९ मध्ये होकार आला. दुसरे दुकान असते तर ओरडण्याऐवजी ते लोक तिकडे गेले असते.

युरोपने वेगळी वाट धरली. मार्च २००४ मध्ये तेथील आयोगाने ४९ कोटी ७० लाख युरो दंड केला आणि संगीत व चित्रफिती वाजवणारा भाग वगळून विंडोज विकण्यास सांगितले. कंपनीने तशी विकली, पण त्याच किमतीला. एक डाळ काढून घेतलेले ताट पूर्ण ताटाच्याच दरात कोण घेतो? फारसे कोणी घेतले नाही. पुढे ब्राउझर निवडण्याचा पडदा दाखवण्याचे वचन पाळले नाही म्हणून २०१३ मध्ये आणखी ५६ कोटी १० लाखांचा दंड झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ग्राहकांनी मात्र किमतीचाच दावा लावला, आणि २००३ साली कंपनीने ११० कोटी डॉलरांपर्यंतची भरपाई कबूल केली. ती रोख नव्हे, संगणकाचा माल घेण्याच्या चिठ्ठ्यांच्या रूपाने. कित्येकांनी त्या मागितल्याच नाहीत. न मागितलेल्या रकमेचा मोठा भाग गरीब शाळांकडे जावयाचा होता, एवढे तरी बरे.

अमेरिकेतील देखरेख मे २०११ मध्ये संपली, आणि एक्सप्लोररला कंपनीने जून २०२२ मध्ये निरोप दिला. त्याच्या जागी आलेला तिचा ब्राउझर २०२० पासून गूगलने उभारलेल्या पायावर चालतो. दरम्यान सरकारने २०२० साली त्या गूगलवरच खटला भरला होता. फोनमध्ये व ब्राउझरमध्ये आपलेच शोधयंत्र आधीपासून बसवून मिळावे म्हणून गूगलने एका २०२१ सालात २६३० कोटी डॉलर वाटले होते. शोध घेणाऱ्याला येथेही काही द्यावे लागत नाही. न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलला दोषी ठरवले ते बरेचसे २००१ च्या मायक्रोसॉफ्ट निकालाचा आधार घेऊन. सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय ठरवताना मात्र त्यांनी कंपनीला आपला ब्राउझर विकावयास लावले नाही. १९९८ साली मायक्रोसॉफ्टचे वकील सांगत होते, की ज्याला नेटस्केप हवा त्याने तो उतरवून घ्यावा, कोण अडवतो? ऑक्टोबर २०२३ मध्ये, वॉशिंग्टनच्या त्याच न्यायमंदिरात, मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला गूगलविरुद्ध साक्ष देण्यास उभे राहिले. ग्राहकाला हवे ते शोधयंत्र निवडता येतेच की, या म्हणण्याबद्दल त्यांना विचारले गेले. ते म्हणणे पोकळ आहे, असे त्यांनी शपथेवर सांगितले.